वसीयतीला मागणारा कोणी नसतो

सूरह अन्-निसाच्या ११ व्या आणि १२ व्या आयतींमध्ये वारसांचे हिस्से सांगितले आहेत. मुलगा, मुलगी, आई, वडील, पती, पत्नी अशा प्रत्येकाचा वाटा तेथे ठरवून दिलेला आहे. या दोन आयतींत एक अट चार वेळा आली आहे. मृताची वसीयत पूर्ण झाल्यावर आणि त्याचे कर्ज फेडल्यावरच हे हिस्से वाटले जातील, ही ती अट. चारही ठिकाणी वसीयतीचा उल्लेख आधी आहे आणि कर्जाचा नंतर. प्रत्यक्ष अंमलात मात्र क्रम उलटा आहे. हजरत अली (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी निर्णय देताना कर्ज आधी फेडावयास लावले व वसीयत त्यानंतर ठेवली.

मग कुरआनाने वसीयतीचा उल्लेख आधी का केला? भाष्यकारांनी याची जी कारणमीमांसा केली आहे, ती मनुष्यस्वभावाला धरून आहे. कर्जाला मागणारा असतो. सावकार दारात येतो, दुकानदार वही दाखवतो, बँकेची नोटीस येते. वसीयतीला मागणारा कोणी नसतो. ज्याने ती केली तो कबरीत आहे आणि ज्यांच्यासाठी केली त्या गरीब विद्यार्थ्याला, विधवेला किंवा गावच्या मदरशाला बहुतेकदा तिची खबरही नसते. ती पार पाडणे ज्यांच्या हाती आहे, त्यांचाच हिस्सा तिच्यामुळे कमी होणार असतो. म्हणूनच दयाळू अल्लाहने तिचे नाव पुढे ठेवले, असे हे विवेचन आहे.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील आपल्या वस्त्यांचा विचार केला की या विवेचनाचे महत्त्व अधिकच जाणवते. दासगाव, वहूर, टोळ, राजेवाडी या सावित्रीकाठच्या गावांपासून महाड शहरापर्यंत आणि पुढे घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पोलादपूरपर्यंत क्वचितच असे मुस्लिम घर असेल, ज्यातील कोणी ना कोणी मुंबईत किंवा आखाती देशांत कमावण्यास गेलेला नाही. मशिदीचा सभामंडप, कब्रस्तानची भिंत, मदरशाच्या खोल्या, जमातीची मुंबईतील खोली हे सारे या कमाईतूनच उभे राहिले. अशा माणसाच्या मनात असते की आपल्या मागे आपल्या मालमत्तेतून गावासाठी काही राहावे. तो ते बोलूनही दाखवतो. पण बहुधा एवढेच घडते की आजारपणात वडील मुलाला सांगतात, "माझ्यामागे जमातीला काहीतरी द्या." किती, कशातून, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या हाती, यांपैकी काहीच ठरलेले नसते. दफनविधी आटोपतो, मुले आपापल्या नोकरीवर परततात, घराला कुलूप लागते आणि वडिलांचे ते वाक्य त्या बंद घरातच राहून जाते.

हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या कथनानुसार आदरणीय प्रेषितांची (स.) शिकवण अशी आहे की ज्या मुस्लिमाजवळ वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने लेखी वसीयत जवळ असल्याविना दोन रात्रीही घालवू नयेत. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. येथे लेखनावर जो भर आहे, तो आपण फारसा लक्षात घेतलेला नाही.

तिसरा हिस्सा, तोही पुष्कळ

समाजासाठी किती ठेवावे, याचा निर्णय हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या प्रसंगातून झाला आहे. अखेरच्या हजच्या वर्षी ते मक्केत अत्यंत आजारी पडले. प्रेषित (स.) त्यांना भेटावयास गेले. सअद श्रीमंत होते आणि त्या वेळी त्यांना एकच मुलगी होती. आपल्या संपत्तीचे दोन भाग दान करू का, असे त्यांनी विचारले. प्रेषितांनी नकार दिला. निम्मी संपत्ती देऊ का, यालाही नकार मिळाला. तिसरा हिस्सा मान्य झाला, पण तोही पुष्कळ आहे असे बजावून. वारसांना लोकांपुढे हात पसरण्याच्या अवस्थेत सोडण्यापेक्षा त्यांना स्वयंपूर्ण ठेवून जाणे अधिक चांगले, हे त्याचे कारण प्रेषितांनी सांगितले.

या प्रसंगाचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. हजरत सअद त्या आजारातून बरे झाले. त्यानंतर ते सुमारे चाळीस वर्षे जगले, कादिसियाच्या लढाईत सेनापती झाले, त्यांना अनेक मुले झाली. मृत्यू समोर दिसत असताना एका मुलीच्या हिशोबाने त्यांनी सर्व काही देऊन टाकले असते, तर पुढच्या मुलांसाठी काय उरले असते? एक तृतीयांशाच्या मर्यादेने उद्याच्या, न जन्मलेल्या वारसाचेही संरक्षण केले. हजरत इब्ने अब्बास (रजि.) तर लोकांनी तिसऱ्यावरून चौथ्या हिश्श्यावर यावे असे म्हणत. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी पाचव्या हिश्श्याची वसीयत केली होती, अशी रिवायत आहे.

तेव्हा तृतीयांश ही कमाल मर्यादा आहे, ती गाठलीच पाहिजे असे नाही. ज्याची मुले लहान आहेत, ज्याचे घर पुरात बुडून नुकतेच उभे राहिले आहे, त्याने दहावा हिस्सा लिहिला तरी पुरे. ज्याची मुले सुस्थितीत आहेत त्याने तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जावे.

हा तिसरा हिस्सा कशाचा, हे उदाहरणाने पाहू. समजा, एका गृहस्थाची घर, दुकानाचा गाळा, बँकेतील ठेव आणि सोने मिळून मालमत्ता ६० लाख रुपयांची आहे. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. प्रथम कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज वजा होईल. कर्जात पत्नीची न दिलेली महरही येते. निकाहाच्या वेळी लिहिलेली आणि मग विसरलेली महर हे पतीवरचे देणेच आहे, ती माफ झाली असे गृहीत धरण्याचा अधिकार मुलांना नाही. हे सारे मिळून ६ लाख झाले असे समजू. उरले ५४ लाख. वसीयत जास्तीत जास्त १८ लाखांची होऊ शकते. उरलेल्या ३६ लाखांपैकी पत्नीचा आठवा हिस्सा ४ लाख ५० हजार. राहिलेल्या ३१ लाख ५० हजारांचे पाच भाग करून प्रत्येक मुलाला १२ लाख ६० हजार व मुलीला ६ लाख ३० हजार मिळतील.

तिसऱ्या हिश्श्याहून अधिकची वसीयत किंवा वारसांपैकीच एखाद्याच्या नावे केलेली वसीयत इतर वारसांच्या संमतीविना लागू होत नाही. ही संमती मृत्यूनंतरची हवी. वडील जिवंत असताना त्यांच्या भिडेखातर दिलेला होकार पुरेसा नाही. अल्पवयीन वारसाची संमती तर मुळी होतच नाही. त्याचा हिस्सा कोणी काका किंवा मोठा भाऊ "सवाबासाठी" देऊ शकत नाही. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचा खर्च न वाटलेल्या मालमत्तेतून करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे, कारण त्या पातेल्यात यतीमाचा पैसा शिजत असतो.

शाफई मजहबातील एक महत्त्वाचा मुद्दा

कोकणी मुसलमान बहुसंख्येने शाफई आहेत. उर्दूतून येणारी बरीच पुस्तके हनफी मतानुसार लिहिलेली असल्याने एक फरक आपल्याकडे नजरेआड होतो. एखाद्या व्यक्तीवर जकात थकली असेल किंवा हज फर्ज होऊनही राहिला असेल, तर हनफी मतानुसार त्याने वसीयत केली असेल तरच आणि तिसऱ्या हिश्श्याच्या आतूनच ती बाब पूर्ण केली जाते. शाफई मतानुसार हे अल्लाहचे देणे आहे. वसीयत असो वा नसो, ते कर्जाप्रमाणेच संपूर्ण मालमत्तेतून आधी फेडले जाते.

याचा परिणाम व्यावहारिक आहे. ज्याने पंधरा वर्षे कमाईची जकात काढली नाही, त्याने जमातीसाठी पाच लाख लिहून ठेवले, तर तो थकलेले देणे बाजूला सारून दान करीत आहे. अशा व्यक्तीने आधी थकलेल्या जकातीचा हिशोब वसीयतीत लिहावा. ती रक्कम जकातीच्या हक्कदारांनाच जाईल. मशिदीचे बांधकाम जकातीतून होत नाही. त्यामुळे "जकात आणि सदका मिळून इतके रुपये जमातीला" असे एकत्र लिहिणे ही मोठी गैरसोय ठरते, कारण वाटणाऱ्याला कोणता रुपया कोणाचा हे कळत नाही.

समाज घरापासून सुरू होतो

सूरह अल्-बकरहच्या १८० व्या आयतीत मृत्यू जवळ आल्यावर आई-वडील व नातेवाइकांसाठी वसीयत करण्याची आज्ञा आहे. वारसाहक्काच्या आयती उतरल्यानंतर ज्यांचे हिस्से ठरले, त्यांच्यापुरती ही आज्ञा संपली. परंतु जे नातेवाईक वारस ठरत नाहीत, त्यांच्याविषयी तिची प्रेरणा कायम आहे असे विद्वानांचे मत आहे. यांत सर्वांत करुण स्थिती यतीम नातवंडांची आहे. मुलगा वडिलांच्या हयातीत वारला आणि दुसरा मुलगा जिवंत असेल, तर मृत मुलाच्या मुलांना आजोबांच्या वारशात हिस्सा मिळत नाही. ज्या घरी हे घडले आहे, त्यांना त्याची तीव्रता सांगावयास नको.

पुष्कळ जण हा शरीअतचा कठोरपणा समजतात, पण शरीअतने तेथे वसीयतीचे दार उघडे ठेवले आहे. तिसऱ्या हिश्श्यातून आजोबा नातवंडांना देऊ शकतात, किंबहुना त्यांनी द्यावेच. इजिप्तने १९४६ च्या कायद्याने अशा नातवंडांसाठी वसीयत अनिवार्य मानली. आजोबांनी लिहिली नसली तरी तेथील न्यायालय ती गृहीत धरते. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून येथे आजोबांची लेखणी हाच एकमेव आधार आहे. वरच्या उदाहरणातील गृहस्थाला यतीम नातवंडे असती, तर १८ लाखांपैकी १० लाख त्यांना आणि ८ लाख गावाच्या कामाला, अशी विभागणी अधिक न्याय्य ठरली असती. यतीम नातवाला रिकाम्या हाती ठेवून मशिदीच्या भिंतीवर आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी लागावी, हे मला तरी पाहवत नाही.

याच संदर्भात बहिणींचा प्रश्न येतो. कोकणात अनेक घरांचा सातबारा अजून आजोबांच्याच नावे आहे आणि वारसनोंदीत मुलींची, बहिणींची नावे आलेली नाहीत. अशा जमिनीतील "माझा हिस्सा" लिहिताना त्यात बहिणीचा हिस्सा मिसळलेला असतो. वसीयत फक्त स्वतःच्या मालमत्तेची होते. बहिणीची जमीन मदरशाला देणे हे दान नाही, तो तिच्यावर केलेला जुलूम आहे. निसाच्या १२ व्या आयतीत वसीयत कोणाला हानी पोहोचवणारी नसावी अशी अट आहे, ती अशाच ठिकाणी लागू पडते. आधी वारसनोंद करून घ्यावी, फेरफारात बहिणींची नावे लावावीत आणि मग आपला जो हिस्सा निघेल त्यातून लिहावे.

बुडालेले आणि दरडीखाली सापडलेले

फिकहच्या जुन्या ग्रंथांत वारसाहक्काच्या प्रकरणात एक स्वतंत्र विषय असतो. एकाच घरातील माणसे पाण्यात बुडाली किंवा कोसळलेल्या घराखाली दबून मेली आणि कोण आधी गेला हे कळेनासे झाले, तर काय करावे? आपल्या पिढीला हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुऱ्यातील पाच मजली इमारत कोसळून १६ जण दगावले. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडाले. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले.

शाफई आणि हनफी दोन्ही मतांनुसार, अशा प्रसंगी मृत्यूचा क्रम कळत नसेल तर मृत व्यक्ती एकमेकांच्या वारस होत नाहीत. प्रत्येकाची मालमत्ता त्याच्या जिवंत वारसांकडे जाते. पती, पत्नी आणि मुले एकत्र गेली, तर पतीची मालमत्ता त्याच्या हयात वारसांकडे जाईल, पत्नीची तिच्या माहेरच्या हयात वारसांकडे. वसीयतीलाही असाच नियम आहे. ज्याच्या नावे वसीयत आहे तो वसीयत करणाऱ्याच्या आधी वारला, तर ती रद्द होते.

यातून दोन गोष्टी निघतात. सार्वजनिक कामासाठीची वसीयत एखाद्या व्यक्तीच्या नावे कधीही करू नये. "मौलवीसाहेबांकडे द्या, ते योग्य ठिकाणी लावतील" असे लिहिले आणि मौलवीसाहेब आधी गेले, तर काय? नोंदणीकृत संस्थेच्या नावे करावी आणि ती संस्था त्या वेळी अस्तित्वात नसेल तर रक्कम कोणत्या दुसऱ्या संस्थेला जाईल, तेही लिहावे. दुसरी गोष्ट कागदाची. २०२१ च्या पुरानंतर महाडच्या बाजारपेठेत लोकांनी कपाटांतून काय काढले ते आठवा. ओली दस्तऐवजे, चिखलात चिकटलेली पासबुके. वसीयत लोखंडी कपाटात ठेवणे म्हणजे ती सुरक्षित ठेवणे असे आपल्या भागात तरी म्हणता येत नाही. तिच्या प्रती दोन वेगवेगळ्या गावी असाव्यात.

कायदा काय सांगतो

भारतातील न्यायालये मुस्लिमाच्या वसीयतीला तिसऱ्या हिश्श्याचा नियम लागू करतात. मुस्लिमाची वसीयत तोंडीही वैध आहे. लेखी असेल तर तिच्यावर साक्षीदारांच्या सह्या हव्यातच अशी कायद्याची सक्ती नाही. प्रोबेटही अनिवार्य नाही. परंतु वैध असणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे. तोंडी वसीयत न्यायालयात सिद्ध करणे फार कठीण जाते. सूरह अल्-माइदाच्या १०६ व्या आयतीत वसीयतीच्या वेळी दोन न्यायी साक्षीदार ठेवण्यास सांगितले आहे. तेव्हा लाभ न मिळणारे दोन साक्षीदार घ्यावेत आणि मृत्युपत्र दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदवावे. नोंदणी कायद्यानुसार ते मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडेही ठेवता येते. आपल्या जिल्ह्यासाठी ते कार्यालय अलिबागला आहे. ज्यांना मजकूर हयातीत कोणाला कळू द्यायचा नाही, त्यांच्यासाठी ही सोय चांगली आहे.

शेतजमिनीच्या बाबतीत मात्र फार जपून पाऊल टाकावे. आपल्याकडील दानाची पहिली कल्पना भाताच्या खाचराची किंवा वरकस जमिनीची असते. १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यानुसार शेतजमीन शेतकरी नसलेल्याला देण्यावर बंधन आहे. याच कायद्याच्या गुजरातेत लागू असलेल्या तरतुदींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असा निर्णय दिला की मृत्युपत्राद्वारेही अशी जमीन बिगरशेतकऱ्याला देता येत नाही. मशिदीचा न्यास किंवा शिक्षणसंस्था सामान्यतः या कायद्याच्या अर्थाने शेतकरी ठरत नाही. ज्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात कलम ४३ च्या बंधनाची नोंद आहे, त्या कुळाच्या जमिनीला तर आणखी अटी आहेत. म्हणजे नीट न विचारता "खालचे खाचर मदरशाला" असे लिहिले, तर ना मदरशाला जमीन मिळेल, ना घरात शांतता राहील. शेतजमिनीऐवजी तिच्या किमतीएवढी रक्कम अन्य मालमत्तेतून लिहिणे किंवा बाजारातील गाळ्याचे भाडे लिहिणे सोपे पडते. शरीअतमध्ये केवळ उत्पन्नाची वसीयतही वैध आहे. गाळा मुलांचा राहील आणि दहा वर्षे त्याचे भाडे विद्यार्थ्यांना जाईल, असे लिहिता येते. त्या उत्पन्नाचे मूल्यही तिसऱ्या हिश्श्यात बसले पाहिजे, एवढेच.

वसीयतीने वक्फही करता येतो. तो मृत्यूनंतर अस्तित्वात येतो, हयातीत बदलता येतो आणि त्यालाही तिसऱ्या हिश्श्याचीच मर्यादा आहे. २०२५ च्या सुधारणेनंतर लेखी वक्फनाम्याशिवाय नवा वक्फ निर्माण होत नाही. म्हणून वक्फच करावयाचा असेल तर वकिलाचा सल्ला घेतल्याविना पुढे जाऊ नये. पैशाची साधी देणगी द्यावयाची असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाच्या नावे वसीयत करणे पुरेसे असते.

आपल्या गावांतील "जमात" ही शतकानुशतके चालत आलेली, परंतु पुष्कळ ठिकाणी कागदावर नसलेली संस्था आहे. गावात एक समिती, मुंबईत दुसरी, आखातात तिसरी, अशीही स्थिती आढळते. नुसते "जमातीला" असे लिहिल्यास तिघांपैकी कोण दावा करील? गावच्या जमातीची नोंदणी नसेल, तर ती करून घेणे हीच जमातीची पहिली जबाबदारी आहे. जोवर ती होत नाही, तोवर मशिदीच्या किंवा शाळेच्या नोंदलेल्या न्यासाचे नाव, नोंदणी क्रमांकासह लिहावे.

मजकूर साधा असावा. "माझे कर्ज, माझ्या पत्नीची शिल्लक महर, थकलेली जकात आणि दफनाचा खर्च वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या सहाव्या हिश्श्याची रक्कम अमुक न्यासाला, अमुक गावातील दहावीनंतर शिकणाऱ्या गरजू मुला-मुलींच्या शुल्कासाठी द्यावी. तो न्यास अस्तित्वात नसल्यास अमुक न्यासाला त्याच कामासाठी द्यावी. ही रक्कम माझ्या मृत्यूपासून एका वर्षाच्या आत द्यावी. ही वसीयत पार पाडण्यासाठी मी अमुक आणि अमुक यांना वसी नेमीत आहे." एवढे पुरे आहे. ठरावीक रकमेपेक्षा हिस्सा लिहिणे बरे, कारण रुपयाचे मूल्य आणि मालमत्ता दोन्ही बदलत राहतात. दोन वसींपैकी एक गावात किंवा महाडला राहणारा असावा. दोघेही परदेशात असतील, तर तलाठ्याकडे खेपा कोण घालणार?

अल्-बकरहच्या १८१ व्या आयतीत ऐकलेली वसीयत बदलणाऱ्यावर त्याचे पाप आहे असे सांगून, १८२ व्या आयतीत वसीयत करणाऱ्याकडून अन्याय झाला असेल तर संबंधितांत तडजोड घडवून आणणाऱ्यावर दोष नाही, असे म्हटले आहे. वसींसाठी या दोन्ही आयती एकत्र वाचावयाच्या आहेत.

काय मागे ठेवावे

मुंबईत साबू सिद्दीक यांचे नाव आजही मुसाफिरखाना, रुग्णालय आणि १९३६ साली सुरू झालेली तंत्रशिक्षण संस्था यांच्यामुळे लोकांच्या तोंडी आहे. त्यांनी मागे ठेवलेल्या संपत्तीतून एकीकडे हजला निघालेल्या मुसाफिरांना निवारा मिळाला, तर दुसरीकडे मुलांच्या हाती हुन्नर आले. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांत बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह कोकणी मुस्लिम समाजातील नाखुदा मुहम्मद अली रोघे होते. जहाजांवर मिळवलेला कोकणी पैसा मुलांच्या शाळेकडे वळण्याची परंपरा आपल्यात तेव्हापासून आहे.

मशिदींची आपल्या तालुक्यांत वाण नाही. ज्या गावात मशीद सुस्थितीत आहे, तेथे तिच्यावर आणखी एक मजला चढवण्यापेक्षा मुलींच्या महाविद्यालयीन शिक्षणाचे शुल्क, डायलिसिसच्या रुग्णाला ये-जा करण्याचा खर्च, विधवेच्या घराची पुरानंतरची दुरुस्ती यांसाठी लिहिलेली रक्कम अधिक गरजेची आहे, असे माझे मत आहे. प्रेषितांनी (स.) मृत्यूनंतर चालू राहणाऱ्या ज्या तीन गोष्टी सांगितल्या, त्यांत अखंड दान, उपयोगी ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती येते. विद्यार्थ्याच्या शुल्कात यांपैकी किमान दोन एकत्र येतात. पुराच्या पहिल्या रात्री उपयोगी पडेल अशी होडी, दोर, बॅटऱ्या आणि कोरडे धान्य उंचावरील एखाद्या इमारतीत कायम ठेवण्यासाठीही वसीयत करता येईल. सावित्री आणि गांधारीच्या काठी राहणाऱ्यांना हे पटवून द्यावे लागू नये.

त्या होडीत चढणाऱ्याचा धर्म विचारला जाणार नाही, हे ओघाने आलेच. प्रेषितांच्या पत्नी हजरत सफिय्या (रजि.) यांनी आपल्या यहुदी नातेवाइकासाठी वसीयत केल्याची रिवायत आहे आणि फकीहांनी त्यावरून बिगरमुस्लिमासाठी वसीयत वैध ठरवली आहे. तेव्हा आपल्या वसीयतीत गावच्या सर्वांसाठीच्या दवाखान्याला हिस्सा ठेवण्यास शरीअतची आडकाठी नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. वसीयत ही हयातीतील दानाची जागा घेत नाही. कोणते दान श्रेष्ठ, असे विचारले असता प्रेषितांनी (स.) माणूस धडधाकट असताना, पैशाचा मोह आणि गरिबीची भीती दोन्ही असताना केलेल्या दानाचे नाव घेतले. प्राण कंठाशी येईपर्यंत थांबून मग अमक्याला इतके, तमक्याला तितके असे म्हणू नये, कारण तोवर ते अमक्या-तमक्याचे होऊनच गेलेले असते. हजरत उमर (रजि.) यांनी खैबरची आपली जमीन हयातीतच वक्फ केली. अखेरच्या आजारात दिलेली मोठी देणगीदेखील तिसऱ्या हिश्श्याच्या मर्यादेतच मोजली जाते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात घाईने बक्षीसपत्र करून ही मर्यादा ओलांडता येत नाही.

वसीयत हयातीत केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते. रमजानमध्ये जकातीचा हिशोब करावयास आपण बसतोच. सोने, ठेव, येणे, देणे सारे त्या दिवशी समोर मांडलेले असते. त्याच बैठकीत वसीयतीचा कागद काढून वाचावा. एखादा न्यास बंद पडला असेल, एखादा वसी वारला असेल, घरात नवे मूल आले असेल, तर त्याप्रमाणे तो बदलून घ्यावा आणि पत्नीला व मुलींना त्यात काय आहे, ते समोर बसवून वाचून दाखवावे.